दोघांचं भाडं

उतरेलकाकांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. माणूस फ्रिज दुरुस्तीचा. पण नावारूपाला आला तो दुसऱ्याच कारणाने. कुणी पंखा घ्यायला निघो, सोफा घ्यायला निघो, नाहीतर पोरीला सायकल, काका वाटेत आडवे यायचे आणि म्हणायचे, "थांबा, उतरेल." भाव उतरेल, असं त्यांचं म्हणणं. आणि खोटं कशाला बोला, तो बहुतेक वेळा उतरायचाच. फक्त तोवर उन्हाळा संपलेला असायचा आणि पंख्याची गरज उरलेली नसायची.

पण त्यांना कंजूष म्हणायची सोय नव्हती. दुकानदाराला घाम फोडून जे वाचवायचे, ते पुढच्याच वळणावर कुणा गरजू बाईच्या फ्रिजमध्ये गॅस भरून, मजुरी न घेता, उधळून टाकायचे. त्यांची बायको म्हणायची, "आमचे हे आवळा वाचवतात आणि कोहळा वाटतात." घासाघीस हा त्यांचा छंद होता. कुणी गातं, कुणी पत्ते खेळतं, काका भाव पाडायचे.

लग्न त्यांनी उशिरा केलं, चांगली चाळिशी जवळ आल्यावर. बायको पहिला नवरा आजाराने गेलेली, पदरात दोन मुलं. गल्लीला विषयच मिळाला. बघा, म्हणे, लग्नातसुद्धा गडी भाव उतरायची वाट बघत होता. काका अजिबात चिडले नाहीत. "मग, जमला की नाही सौदा?" ते म्हणायचे. "लग्न एकीशी केलं, दोन मुलं वर मिळाली. तयार, दात आलेली, चालणारी. असं कुणाला मिळालं असेल तर समोर आणा." लोक हसायचे. काकाही हसायचे, पण त्या वाक्यातला एकही शब्द त्यांच्या लेखी गमतीचा नव्हता. रात्री जेवायला बसताना चार ताटं दिसली की या माणसाला रोज नव्याने आश्चर्य वाटायचं.

लग्नाआधी त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवून सांगितलं होतं, "तुमच्या वडिलांची खुर्ची मी घेणार नाही. मी माझी वेगळी आणीन. मला काका म्हणा." धाकटी बिट्टी तेव्हा इतकी लहान, की तिने वाक्य संपायच्या आत मांडीवर चढून खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. थोरला जागचा हलला नाही. तो सगळं ऐकून घेत होता, आणि ऐकलेलं विसरणाऱ्यातला तो नव्हता.

तर ती बायको तीन वर्षांपूर्वी गेली. काकांनी दुःख केलं, ते कुणालाही करावं लागतं तसंच. पण त्या दुःखाच्या तळाशी एक भीती होती आणि ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नाही. मुलं मिळाली ती हिच्यामुळे. आता हीच गेली, तर वर मिळालेलं आपल्याकडे राहतं, की मूळ वस्तूबरोबर परत जातं? बाजारात त्यांना असा प्रश्न कधी पडला नव्हता. आता मात्र तो सकाळी दात घासतानाही पडायचा.

बिट्टी दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा शाळेत मास्तर, पोरगी ठकी पहिलीत. ती येत-जात होती, डबा आणत होती, तिच्याविषयी भीती वाटायचं कारण नव्हतं, तरी वाटायचीच. थोरल्याचं परगावी औषधांचं दुकान. लग्न त्याने केलं नव्हतं, दुकानाशीच संसार मांडला होता. रविवारी त्याचा फोन यायचा. "तब्येत बरी आहे ना? गोळ्या संपल्या नाहीत ना? ठेवतो." काका, बाबा, अहो, काहीही न म्हणता संपूर्ण बोलणं पार पाडायची त्याची हातोटी होती. वर्षानुवर्षं सराव केल्याशिवाय ती येत नाही.

असं सगळं चाललेलं असताना एके दिवशी ठकी जहाजाचं चित्र घेऊन आली. कुठल्याशा मासिकातलं. पांढरंशुभ्र, सात-आठ मजली जहाज, आणि त्याच्या माथ्यावर चक्क घसरगुंडी.

"आजोबा, हे खरं असतं का?" तिने विचारलं.

"खरं असतं."

"मग आपण का जात नाही?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच मोठ्या माणसाजवळ उत्तर नसतं. बिट्टी भाजी निवडत होती, तिने मान वर केली. "खरंच जाऊ या का हो काका? आपण सगळे कुठे एकत्र गेलोच नाही कधी. दादालाही ओढू. पण आमच्या खिशाला झेपेल असं तुम्ही शोधायचं. ते तुमचं काम."

त्या दिवशी काका 'थांबा' म्हणाले नाहीत. ते उठले आणि सरळ चपला घालून बाहेर पडले.

जहाजांचं बुकिंग करणारं ऑफिस बाजाराच्या टोकाला होतं. काकांनी तिथे नुसतं गिऱ्हाईक म्हणून जाणं शक्यच नव्हतं. दारातला पाण्याचा कूलर घरघरतोय हे त्यांनी पाय ठेवल्याठेवल्या ओळखलं, बसून त्याचं पोट उघडलं, आणि दुरुस्त करता करता सगळ्या गिऱ्हाइकांची बोलणी फुकटात ऐकली. काउंटरवर एक चष्मेवाल्या बाई होत्या. तोंडाने फटकळ, मनाने सरळ. थंड पाण्याचा पहिला पेला पिऊन त्या काकांवर प्रसन्न झाल्या.

"एक गोष्ट आधी डोक्यात घट्ट बसवा," त्या म्हणाल्या. "जहाजावर माणसाचं भाडं नसतं, खोलीचं असतं. खोली दोघांची धरतात. बरोबर पोर असलं तर त्याचं नावापुरतं. पण एकटा माणूस गेला, तर त्यानेच दोघांचं भरायचं."

"म्हणजे एकटं असल्याचा दंड," काका म्हणाले.

"दंड म्हणा, काहीही म्हणा. दुसरी खाट रिकामी गेली तर नुकसान कुणी सोसायचं?"

काकांना हा हिशेब रुचला नाही, पण पटला. मग ते रोज जायला लागले. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात जहाजं अर्धी रिकामी जातात आणि भाव आपोआप पडतो; मास्तरांच्या शाळेला नेमकी त्याच पंधरवड्यात चार दिवस सुट्टी होती, ती काकांनी हेरली. जहाजाच्या पोटातल्या, खिडकी नसलेल्या खोल्या स्वस्त. आणि ठकीसारखं पोर बरोबर असलं की खोलीत थांबतं कोण, मग खिडकी हवी कशाला? भाडं कमी लावतात ते पुढे फोटो, सरबतं आणि किनाऱ्यावरच्या सहलींत वसूल करतात, तेव्हा बाटल्या भरून घ्यायच्या आणि किनाऱ्यावर आपल्या पायांनी हिंडायचं. हे सगळं काकांनी ठकीला धडा शिकवावा तसं समजावून सांगितलं, आणि ठकीने शाळेत बाईंना.

घरी मात्र जावयाचा जीव टांगणीला. "काका, खोल्या संपतील हो."

"संपायला आल्या की आपोआप खाली येतात," काका म्हणायचे. "घाई करणाऱ्याला चढा भाव. तुम्ही मुलांना गणितं शिकवता ना?"

थोरल्याला बिट्टीने फोनवर विचारलं. स्पीकर चालू होता. "बघू," तो म्हणाला. "दुकान कोण बघणार?" 'बघू' म्हणजे नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही, फक्त त्या रात्री एक पोळी कमी खाल्ली.

मग तो दिवस आला. ऑफिसच्या काचेवर नवा फलक लागला होता: तीन पिढ्या एकत्र. आजोबा किंवा आजी, मुलगा किंवा मुलगी, आणि नातवंडं, असे एका खोलीत आले तर आजी-आजोबांना भाडं नाही. काकांनी तो दोनदा वाचला. कूलर उघडायचं निमित्तही न करता ते सरळ काउंटरला भिडले.

"बसतं की तुमचं यात," चष्मेवाल्या बाई खूश होऊन म्हणाल्या. "मुलगी, जावई, नात आणि तुम्ही. चौघांची खोली आहे, नावं सांगा. तुम्ही मुलीचे वडील, हो ना?"

आणि इतका वेळ काउंटरला भिडलेला माणूस एक पाऊल मागे सरला.

थोरला सातवीत असतानाची गोष्ट त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नव्या शाळेत नाव घालायला दोघं गेले होते. कारकुनाने काकांकडे बघून 'वडील' या शब्दापुढे त्यांचं नाव लिहिलं. पोराने टेबलावरचं पेन उचललं, ते नाव खोडलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हे माझे वडील नाहीत. काका आहेत." ऑफिसात चार माणसं होती, चौघांनी माना वळवल्या. काका म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." आणि ते त्यांनी वरवर म्हटलं नव्हतं. पोराचे वडील मेले म्हणून पोराने त्यांना खोडून टाकायचं का? तो आपल्या बापाची बाजू घेत होता, त्याला दुसरं कोण उरलं होतं? काकांना त्याचा तेव्हा अभिमानच वाटला. पण त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी स्वतःसाठी तोंडातून काढला नाही, ना बिट्टीपुढे, ना बाहेर कुठे.

आणि आता तो काढायचा? तोही कशासाठी, तर भाडं वाचावं म्हणून? सवलतीसाठी बाप व्हायचं?

"नाही," काका म्हणाले. "मी... तसा काका लागतो."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सख्खे काका?"

"काका."

"मग नाही बसत हो. चौघांच्या सगळ्या खोल्या याच योजनेत काढल्यात. बाकीच्या दोघांच्या, फार तर वर एका पोराला झोपायची फळी. तुम्हाला वेगळी घ्यावी लागेल, आणि एकट्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे."

काकांनी तिघांची खोली घेतली, खिडकी नसलेली, महिनाभर पाळत ठेवून अगदी तळाशी आणलेल्या भावाची. आणि जन्मात पहिल्यांदा, काही कमी होईल का असं न विचारता, स्वतःसाठी दोघांचं भाडं भरलं. फ्रिजच्या कामाचा नवीन व्हॅक्यूम पंप घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. बाई म्हणाल्या, मुलीशी एकदा बोलून तर बघा. काका म्हणाले, बोलण्यासारखं काही नाही.

घरी येऊन त्यांनी बेमालूम थाप ठोकली. "माझी वेगळी खोली केली. एकट्याची अशी पडूनच होती, जवळजवळ फुकटात दिली." जावई म्हणाला, "उगाच नाही लोक तुम्हाला उतरेलकाका म्हणत." ठकीने विचारलं, "आजोबा, तुमच्या खोलीत रात्री मी येऊ?" काका म्हणाले, "येशील की." तेवढ्यानेच त्यांचे सगळे पैसे वसूल झाले, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

पण खोटं बोलण्याचा सराव नसलेल्या माणसाने थाप मारू नये. पुढच्याच आठवड्यात बुकिंगच्या कागदांवरचा ठकीचा फोटो पुसट आला म्हणून बिट्टीला ऑफिसात बोलावलं.

ती परत आली तेव्हा काका पुढच्या खोलीत फ्रिजच्या दाराचं रबर गरम पाण्यात बुडवून बसले होते. जुनं रबर असं मऊ केलं की दाराला पुन्हा नीट चिकटतं. बिट्टीने पर्स खुर्चीवर टाकली आणि समोर उभी राहिली. ठकी मागून आत आली, आईचं तोंड बघितलं आणि शहाण्यासारखी स्वयंपाकघरात गेली.

"तुम्ही स्वतःचं दुप्पट भाडं भरलंत," बिट्टी म्हणाली.

"अगं, ते खोलीवर असतं..."

"मला खोल्यांचं शिकवू नका काका. दोन कोथिंबिरीच्या जुड्या घेताना तुम्ही तीन गाड्यांवर जाता. आणि इथे फुकट मिळत होतं ते सोडून दुप्पट भरून आलात, आणि मला सांगता फुकटात मिळाली. का?"

काकांनी रबर पाण्यातून काढलं, फडक्याने पुसलं, पुन्हा पाण्यात घातलं. पुसायची काही गरज नव्हती.

"त्या बाईंनी सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता आणि त्याने काकांना जास्त भीती वाटली. "त्यांनी विचारलं, वडील ना, आणि तुम्ही नाही म्हणालात."

"मी शब्द दिला होता ना तुम्हाला. दोघांना."

"मी तेव्हा चार वर्षांची होते. मला माझे वडील आठवत नाहीत, काका. फोटो दाखवला की मी ओळखते, इतकंच. मला आठवायला लागलं तेव्हापासून तुम्ही आहात. सायकल तुम्ही शिकवलीत. मला गोवर आला तेव्हा शेजारी तुम्ही बसला होतात. मी काका म्हणते ते तुम्ही म्हणायला सांगितलंत म्हणून. तुम्ही टेबल म्हणायला सांगितलं असतंत तर टेबल म्हटलं असतं." ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "अख्ख्या बाजाराला तुम्ही बेधडक विचारता. मला एक गोष्ट विचारता आली नाही तुम्हाला?"

तिचं खरं होतं. बाजारात नकार आला तर माणूस पुढच्या दुकानात जातो. घरात नकार आला तर जायचं कुठे? म्हणून त्यांनी विचारलंच नव्हतं. इतके दिवस ते या गोष्टीला दिलेला शब्द म्हणत होते, आणि ती अर्धी भीती होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आणि बिट्टे, तू जे बोललीस ना आत्ता... फार बरं वाटलं मला." एवढंच त्यांना जमलं. पण बिट्टीने त्यांचं ओलं फडकं घेऊन स्वतःचे डोळे पुसले, म्हणजे पोचलं असावं.

ती योजना आदल्याच दिवशी बंद झाली होती. भरलेलं भाडं परत मिळणार नव्हतं. काका म्हणाले, जाऊ दे. ते खरोखरच सोडून द्यायला तयार होते, जहाजाच्या भाड्यापेक्षा मोठं काहीतरी त्यांना आज मिळालं होतं.

"फक्त थोरल्याला यातलं काही सांगू नकोस."

बिट्टीने नजर चुकवली. "रस्त्यातूनच फोन केला मी दादाला. राहवेना."

"काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं आणि फोन ठेवला."

पोरीने भरभरून दिलं होतं, पण तो शब्द खोडला होता थोरल्याने. आता त्याला वाटणार, की इतक्या वर्षांनी म्हाताऱ्याने जुनी गोष्ट उकरून काढली आणि बहिणीला रडवलं. रविवार आला आणि फोन आला नाही. कधी नव्हे ते. काकांनी दोनदा फोन उचलून तो चालू आहे ना ते तपासलं. फ्रिज दुरुस्तीला आलेल्या एका बाईंना त्यांनी भरायचा गॅस सोडून भलतीच दुरुस्ती सांगितली. संध्याकाळी ते गादीवर पडून विचार करत राहिले, की आपण उगाच जहाजाच्या भानगडीत पडलो. रविवारचा फोन होता तेवढा तरी होता.

सोमवारी दुपारी ऑफिसातून चष्मेवाल्या बाईंचा फोन आला. त्या तापलेल्या होत्या.

"काका, हे काय चालवलंय? काल सुट्टीच्या दिवशी एका माणसाने फोन करून माझं डोकं खाल्लं. म्हणे, त्या खोलीचं दोघांचं भाडं भरून झालंय, मग दुसऱ्या माणसाचं नाव घालायला पुन्हा पैसे कसले मागता? मी म्हटलं, भाडं नाही, बंदराचा कर आणि नोकरांची बक्षिसी तेवढी लागेल. तर म्हणे, कर समजला. पण बक्षिसी तुम्ही आधी एकाची लावलीय की दोघांची, ते बघून सांगा. बघितलं तर दोघांचीच लावलेली. आमचीच चूक. म्हटलं, बरं बाबा, ती नको देऊस. तर म्हणे, चूक तुमची, मनस्ताप माझा, आता करात काही कमी करता का?"

काका हळूच स्टुलावर बसले.

"सरकारचा कर!" बाई म्हणाल्या. "त्यात कमी करा म्हणणारा मी माझ्या नोकरीत दुसरा माणूस पाहिला. पहिले तुम्ही. म्हटलं, उतरेलकाका तुमचे कोण लागतात? तर म्हणे, तुमच्याकडे काय लिहिलंय? मी म्हटलं, काहीच नाही. तर म्हणे, मग खोली त्यांची आहे, त्यांनाच विचारा, ते सांगतील ते लिहा. आता तुम्ही सांगा. खोलीत नाव घालायला तुमचा होकार लागेल, आणि नातं काय लिहू? मुलगाच ना? बोलणं तर अगदी तुमचं उचललंय."

उत्तर काकांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी तिथेच धरून ठेवलं.

"बाई, जरा वेळ द्या," ते म्हणाले. "विचारून सांगतो."

त्यांनी थोरल्याचा नंबर लावला. आजवर रविवारी यायचा तो त्याचा फोन; त्यांनी आपणहून त्याला फोन केल्याला जमाना झाला होता. पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"त्या ऑफिसातल्या बाई विचारतायत," काका म्हणाले, "नातं काय लिहायचं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुला विचारून सांगतो."

मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि खोकल्याचं औषध मागणारा बाहेर राहिला.

"भाजीचा भाव तुम्ही रोज विचारता," थोरला म्हणाला. "काल विचारलेला आज चालत नाही तुम्हाला. आणि मी सातवीत होतो तेव्हा एकदा काहीतरी बोललो, तोच भाव धरून बसलात इतकी वर्षं. पुन्हा एकदा विचारावंसं वाटलं नाही?"

"तू बरोबर बोलला होतास तेव्हा."

"तेव्हा बरोबरच होतं. मी सातवीत होतो." तो थांबला. सरावाची गाडी रुळावरून घसरल्यासारखी त्याची वाक्यं अडखळत होती. "आई गेल्यावर मला वाटलं, तुम्ही आता हळूहळू लांब व्हाल. आमचं तुमच्याकडे तसं काय होतं, ती होती म्हणून तुम्ही होतात. म्हणून मी दर रविवारी फोन करत होतो. बोलायला काही सुचायचं नाही, पण फोन बंद पडू नये, म्हणून."

काकांनी डोळे मिटले. तीन वर्षं दोघंही एकाच भीतीला दोन टोकांनी धरून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दोरी दुसरा सोडणार.

"अरे," ते म्हणाले, "तुम्ही दोघं मिळालात ना मला, त्याहून मोठं माझ्या आयुष्यात काही झालं नाही. मी ते गल्लीला हसत हसत सांगत आलो. तुम्हाला कधी सांगितलंच नाही." पुढचं त्यांनी एका दमात म्हटलं. "तू येतोयस, याचा मला किती आनंद झालाय, तुला कळणार नाही."

"दुकान बंद ठेवतोय चार दिवस," थोरला म्हणाला. त्या दुकानाने इतक्या वर्षांत चार तास सुट्टी पाहिली नव्हती.

"मग काय लिहायला सांगू?"

"मुलगा लिहायला सांगा, काका."

काकाच म्हणाला तो. कितीतरी वर्षांनी त्याने हाक मारली होती, आणि काकांना त्याहून वेगळी कुठली हाक नको होती.

त्यांनी फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं, आणि ऑफिसचा नंबर लावला. बाईंनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं. काका म्हणाले, बरोबर आहे. बाई वाट बघत थांबल्या. इतक्या दिवसांच्या ओळखीत या माणसाने कधी सरळ फोन ठेवला नव्हता; शेवटी काहीतरी मागितल्याशिवाय त्याचं बोलणं संपायचंच नाही.

"आणखी काही कमी करायचंय का?" त्यांनी विचारलं.

"नको बाई," काका म्हणाले. "पुष्कळ मिळालं."